रोज एकच सूर्य: कोडाईकनालची वेधशाळा नेमके काय करते

तमिळनाडूतल्या कोडाईकनालच्या वेधशाळेत प्रचंड घुमट आणि त्याखाली अवाढव्य दुर्बीण असेल, अशा अपेक्षेने जाणाऱ्यांचा थोडा विरस होतो. तिथल्या सर्वांत कामसू भिंगाचा व्यास जेमतेम ३० सेंमी आहे आणि त्यातून काचेवर उमटणारे सूर्यबिंब ६० मिमीचे. एवढ्या व्यासाचे आरसे आज हौशी निरीक्षकही बाळगतात. तरीही सूर्यावर काम करणारे जगभरचे अभ्यासक या वेधशाळेच्या नोंदींकडे वळतात. कारण भिंगाच्या आकारात नाही, सवयीत आहे. तेच भिंग, तेवढेच बिंब, प्रकाशाचा तोच अरुंद पट्टा, आणि ढग नसतील त्या प्रत्येक दिवशी एक तरी छायाचित्र. असे शंभर वर्षांहून अधिक काळ चालू राहिले. सूर्यावरचे डाग साधारण ११ वर्षांच्या चक्राने वाढतात आणि ओसरतात. एका माणसाच्या नोकरीत अशी तीनेक चक्रे बसतात. त्यामुळे सूर्याचा स्वभाव ओळखायचा असेल तर काम माणसाने नव्हे, संस्थेने करावे लागते.

मद्रास, पुणे आणि पलनीचे डोंगर

या वेधशाळेचे मूळ मद्रासमध्ये आहे. ईस्ट इंडिया कंपनीतले अधिकारी विल्यम पेट्री यांनी १७८६ मध्ये एग्मोर भागात खासगी वेधशाळा उभारली. ती कंपनीकडे गेली आणि १७९२ मध्ये नुंगमबाक्कम येथे तिची स्वतंत्र इमारत तयार झाली. कंपनीला ताऱ्यांचे प्रेम होते असे नाही. जहाजे चालवायला आणि मुलूख मोजायला रेखांश हवा, रेखांशाला अचूक वेळ हवी, आणि अचूक वेळ ताऱ्यांवरूनच मिळत होती. सर्वेक्षक लॅम्बटनने १८०२ मध्ये सुरू केलेल्या मोठ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला मद्रासचा हा रेखांश आधाराला मिळाला. पुढे रेल्वेचे वेळापत्रकही मद्रास वेळेवर चालू लागले. ही वेळ ग्रिनिचच्या सुमारे ५ तास २१ मिनिटे पुढे असे. भारतीय प्रमाणवेळ आली ती १९०६ मध्ये.

मद्रासमधले मुख्य काम म्हणजे ताऱ्यांची स्थाने मोजणे. थॉमस टेलर यांच्या १८४४ च्या यादीत ११,०१५ तारे आहेत. १८६१ मध्ये नॉर्मन पॉगसन आले. ताऱ्यांच्या तेजस्वितेच्या एका प्रतीत २.५१२ पटींचा फरक धरण्याचा नियम यांचाच. त्याच वर्षी त्यांनी मद्रासहून एक लघुग्रह शोधला आणि त्याला ‘एशिया’ असे नाव दिले. त्यांचे सहायक चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ मध्ये दक्षिण आकाशातला एक रूपविकारी, म्हणजे तेज कमीजास्त होणारा, तारा ओळखला. रघुनाथाचारींचा उल्लेख लेखाच्या शेवटच्या भागात पुन्हा येईल, कारण सामान्य लोकांपर्यंत खगोलशास्त्र नेण्याचे काम त्यांनी फार आधी सुरू केले होते.

सूर्याकडे लक्ष वळायला दोन कारणे झाली. पहिले, १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास ग्रहण. त्याचा पट्टा भारतावरून गेला. गुंटूरला आलेल्या फ्रेंच संशोधक जान्सेन यांनी सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांचा वर्णपट, म्हणजे प्रकाश रंगांत पसरून मिळणारा पट्टा, पाहिला आणि ग्रहण नसतानाही या ज्वाला वर्णपटदर्शकातून दिसू शकतात हे दुसऱ्याच दिवशी दाखवले. ज्वालांच्या प्रकाशातली एक पिवळी रेषा पुढे हेलियम या नव्या मूलद्रव्याची ठरली. महाराष्ट्रात एक समज पक्का बसला आहे की इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर यांनी विजयदुर्गावरून १८६८ मध्ये हेलियम शोधला. त्या वर्षी लॉकियर इंग्लंडमध्येच होते आणि त्यांनी तिथूनच ऑक्टोबरमध्ये निरीक्षण केले. विजयदुर्गावर ते आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. दोन ग्रहणे एकात मिसळली आणि गोष्ट तयार झाली.

दुसरे कारण जास्त निकडीचे होते. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने दक्षिण भारत उद्ध्वस्त केला. सौरडागांची संख्या आणि पावसाळा यांचा संबंध असावा, तो सापडला तर दुष्काळाचा अंदाज बांधता येईल, असा विचार त्या काळात जोरात होता. सूर्याची कायमस्वरूपी वेधशाळा हवी या मागणीला सरकारदरबारी वजन आले ते यामुळे. पावसाचा अंदाज देणारा सरळ नियम काही या कामातून निघाला नाही. पण त्या आशेने सुरू झालेल्या नोंदी मात्र राहिल्या.

जागेचा शोध खगोलशास्त्रज्ञ मिची स्मिथ यांनी घेतला. निलगिरी आणि पलनी या डोंगरांची पाहणी झाली आणि पलनीतले कोडाईकनाल ठरले. उंची २,३४३ मीटर, म्हणजे धूळ आणि दमट धूसर हवेचा मोठा थर खाली राहतो. अक्षांश १० अंशांच्या जरा वर, त्यामुळे हिवाळ्यातही दिवस फारसा लहान होत नाही आणि सूर्य आकाशात उंच येतो. शिवाय रेखांशाचाही फायदा आहे. अमेरिकेत रात्र असते आणि युरोपात सूर्य उगवायचा असतो, तेव्हा कोडाईकनालमध्ये निरीक्षण चालू असते. १ एप्रिल १८९९ रोजी वेधशाळा हवामान खात्याच्या अखत्यारीत रीतसर सुरू झाली.

या गोष्टीत पुण्याचाही वाटा आहे आणि तो क्वचितच सांगितला जातो. भावनगरचे महाराज तख्तसिंगजी यांच्या देणगीतून आणि मुंबई सरकारच्या मदतीतून पुण्याच्या सायन्स कॉलेजात १८८८ च्या सुमारास एक वेधशाळा उभी राहिली. कावसजी दादाभाई नायगमवाला तिचे प्रमुख होते. आयर्लंडच्या ग्रब कंपनीची २० इंची परावर्ती दुर्बीण त्यांच्याकडे होती. त्या काळी भारतात एवढी मोठी दुर्बीण दुसरी नव्हती. १८९८ च्या ग्रहणाचा वेध त्यांनी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरहून घेतला. अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे पथकही तिथेच उतरले होते. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, पुण्याची वेधशाळा बंद पडली आणि तिची उपकरणे कोडाईकनालला गेली. एका माणसावर उभी असलेली वेधशाळा त्या माणसाबरोबरच संपते. कोडाईकनालचे तसे झाले नाही.

एका रंगातला सूर्य

सूर्याचे साधे छायाचित्र काढले की दिसतो तो त्याचा झळाळता पृष्ठभाग आणि त्यावरचे काळे डाग. कोडाईकनालमध्ये अशी छायाचित्रे १९०४ पासून निघू लागली. त्यासाठी वापरलेली एक दुर्बीण १८५० मधली आहे, पॅरिसच्या लेरबूर आणि सेक्रेतां यांनी बनवलेली.

पण पृष्ठभागाच्या वर वायूचा आणखी एक पातळ थर असतो, त्याला वर्णावरण म्हणतात. तो एरवी दिसत नाही, कारण खालच्या उजेडापुढे त्याचा प्रकाश नगण्य असतो. मात्र काही नेमक्या तरंगलांबींना खालचा उजेड वर येईपर्यंत वाटेतच शोषला जातो आणि तेवढ्यापुरता वरचा थर उघडा पडतो. अशा दोन तरंगलांबी कोडाईकनालने निवडल्या. एक, आयनीभूत कॅल्शियमची के रेषा, ३९३.३ नॅनोमीटर, जांभळ्या रंगाच्या अगदी कडेला, डोळ्याला जवळजवळ न दिसणारी. दुसरी, हायड्रोजनची लाल रेषा, ६५६.३ नॅनोमीटर, जिला एच-अल्फा म्हणतात. साधी रंगीत काच लावून हे जमत नाही, कारण रंगीत काच कित्येक नॅनोमीटरचा पट्टा आत सोडते आणि इथे ०.०५ नॅनोमीटरच्या आसपासचा पट्टा वेगळा काढायचा असतो.

यासाठीचे यंत्र म्हणजे स्पेक्ट्रोहेलिओग्राफ. अमेरिकेत हेल आणि फ्रान्समध्ये देलांद्र यांनी ते १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वतंत्रपणे बनवले. केंब्रिजच्या कंपनीने बनवलेले एक यंत्र १९०४ मध्ये कोडाईकनालला आले. ते नीट चालते केले १९०७ मध्ये आलेल्या जॉन एव्हरशेड यांनी.

त्याचे काम असे चालते. ४६ सेंमीचा सपाट आरसा घड्याळ-यंत्रावर फिरत सूर्याचा प्रकाश एकाच दिशेने पाठवत राहतो. तो ३० सेंमीच्या भिंगातून जातो आणि ६० मिमीचे सूर्यबिंब एका अरुंद फटीवर पडते. फटीतून बिंबाची फक्त एक पातळ उभी पट्टी आत जाते. पुढे लोलक त्या पट्टीचा वर्णपट पसरवतात. या वर्णपटात के रेषा जिथे पडते, नेमकी तिथे दुसरी फट बसवलेली असते. बाकीचे सगळे रंग तिच्या पत्र्यावर अडतात. दुसऱ्या फटीमागे छायाचित्राची काच. म्हणजे एका क्षणी काचेवर उमटते ती सूर्याची एक पट्टी, फक्त कॅल्शियमच्या प्रकाशातली. आता पहिली फट बिंबावरून आणि दुसरी फट काचेवरून एकाच वेगाने सरकवत न्यायची. झेरॉक्स मशीनमधला दिवा कागदाखालून सरकतो तसे पट्टी-पट्टीने सगळे बिंब उमटते.

ऐकायला सोपे, पण काचेवर चुका कशा दिसतात ते पाहिले की निरीक्षकाचे कौशल्य कळते. दोन्ही फटींच्या वेगांत फरक पडला तर सूर्य लंबगोल उमटतो. सरकण्याची गती अडखळली तर बिंबावर फटीला समांतर पट्टे येतात. सरकत असताना विरळ ढग गेला तर रुंद, धूसर पट्टा. फटीच्या कडेला धुळीचा एक कण बसला तर सरकण्याच्या दिशेने बिंबभर सरळ रेघ ओढली जाते. अशी रेघ दिसली की फट पुसायची वेळ झाली. सर्वांत फसवी चूक तापमानाची. खोली तापली की लोलकाच्या काचेचा वक्रीभवनांक, म्हणजे प्रकाश वळवण्याचे प्रमाण, किंचित बदलतो, वर्णपट सरकतो आणि के रेषेचा मध्य दुसऱ्या फटीतून निसटतो. छायाचित्र स्वच्छ, सुबक येते, पण ते खालच्या थराचे असते! वर्णावरणातल्या तेजस्वी चकत्या फिकट आणि लहान दिसतात. नंतर कोणी त्या काचेवरून चकत्यांचे क्षेत्रफळ मोजले तर सूर्य त्या दिवशी शांत होता असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

सूर्याच्या कडेवरच्या ज्वाला टिपायच्या असतील तर बिंबाच्या जागी धातूची चकती बसवून ते झाकतात आणि जास्त वेळ प्रकाश घेतात. या ज्वालांच्या आकारांचा आणि हालचालींचा बारकाईने अभ्यास मेरी एव्हरशेड यांनी केला. जॉन एव्हरशेड यांच्याबरोबर त्यांचे नाव घेतले गेलेच पाहिजे.

कॅल्शियमचा प्रकाश एवढा मोलाचा का, हे उशिरा कळले. जिथे चुंबकीय क्षेत्र तीव्र असते तिथे के रेषेत सूर्य उजळ दिसतो. सौरडागांत चुंबकीय क्षेत्र असते हे हेल यांनी १९०८ मध्ये दाखवले खरे, पण संपूर्ण बिंबाच्या चुंबकीय क्षेत्राचे रोजचे नकाशे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच नियमित मिळू लागले. त्याआधीच्या काळासाठी मोजमाप नाहीच. आहेत त्या या काचा. त्यांवरच्या उजळ चकत्यांवरून जुन्या काळातल्या चुंबकीय क्षेत्राचा अंदाज बांधता येतो. ज्यांनी या काचांवर छायाचित्रे घेतली त्यांना हा उपयोग ठाऊक असणे शक्यच नव्हते.

०.००४ नॅनोमीटरचा शोध

कोडाईकनालचा सर्वांत प्रसिद्ध शोध ५ जानेवारी १९०९ चा. हेल यांनी सौरडागांभोवती भोवऱ्यासारख्या आकृत्या पाहिल्या होत्या, तेव्हा डागांत वायू गरगर फिरत असावा अशी शंका होती. एव्हरशेड यांनी ती तपासायला वर्णपटदर्शकाची फट मोठ्या डागावर वेगवेगळ्या दिशांनी ठेवली. वायू आपल्याकडे येत असेल तर वर्णरेषा निळ्या बाजूला सरकते, दूर जात असेल तर लाल बाजूला. हा डॉपलर परिणाम. फिरणे त्यांना सापडले नाही. सापडले ते असे की डागाच्या काळ्या गाभ्याभोवती जी करडी, तंतुमय झालर असते, तिच्यात वायू गाभ्यापासून बाहेरच्या बाजूला वाहतो आहे. वेग सेकंदाला सुमारे २ किमी.

आकडा मोठा वाटतो, पण प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लाख किमी. ६०० नॅनोमीटरच्या रेषेसाठी गुणाकार-भागाकार केला तर सरकणे येते ०.००४ नॅनोमीटर. हे दिसण्यासाठी आणखी एक अट लागते. वायू पृष्ठभागाला जवळजवळ समांतर वाहतो, त्यामुळे डाग बिंबाच्या मध्यभागी असेल तर प्रवाह आपल्या नजरेच्या रेषेला आडवा जातो आणि काहीच सरकत नाही. डाग कडेकडे गेला की झालरीची मध्याकडची बाजू निळी आणि कडेकडची बाजू लाल होते. म्हणजे डाग मोठा हवा, योग्य जागी हवा आणि त्या सकाळी हवा स्थिर हवी. आज याला एव्हरशेड परिणाम म्हणतात.

हवा स्थिर असणे ही सौर वेधशाळेची कायमची डोकेदुखी. रात्रीच्या निरीक्षकाला निदान जमीन थंड झालेली मिळते. सूर्य पाहायचा म्हणजे जमीन तापवणारी गोष्टच पाहायची. ऊन चढले की जमिनीवरून गरम हवेचे लोट उठतात आणि बिंबाची कड उकळल्यासारखी हलू लागते. म्हणून चांगली छायाचित्रे सकाळची असतात. सूर्य हवेच्या जाड थरातून वर आलेला आणि जमीन अजून न तापलेली, असा थोडाच वेळ मिळतो. जानेवारी ते मार्च हा उत्तम हंगाम. त्यानंतर नैऋत्य मोसमी पाऊस आणि पाठोपाठ ईशान्येचा, असे दोन्ही पावसाळे पलनीच्या वाट्याला येतात.

जमिनीखालची दुर्बीण

१९६० च्या सुमारास इथे उभी राहिलेली बोगदा दुर्बीण याच अडचणीवरचे उत्तर आहे. बारीक तपशील बघायचा तर बिंब मोठे हवे. सूर्यबिंबाचा आकार नाभीय अंतरावर, म्हणजे भिंगापासून बिंब नीट उमटते तिथपर्यंतच्या अंतरावर, ठरतो: अंतराला साधारण १०७ ने भागले की बिंबाचा व्यास. ३४ सेंमीचे बिंब हवे असेल तर नाभीय अंतर सुमारे ३६ मीटर लागते. एवढी लांब नळी आकाशाकडे रोखून फिरवणे अशक्य, म्हणून नळी स्थिर ठेवली आणि आरसे फिरवले.

११ मीटर उंच मनोऱ्यावर ६० सेंमीच्या सपाट आरशांची जोडी आहे. मनोरा अशासाठी की जमिनीलगतची तापलेली हवा टाळता यावी. पहिला आरसा पृथ्वीच्या अक्षाला समांतर अक्षावर ४८ तासांत एक फेरी या गतीने फिरतो. आरसा जेवढ्या कोनात वळतो त्याच्या दुप्पट परावर्तित किरण वळतो, म्हणून २४ तासांच्या निम्मी गती. या रचनेला सीलोस्टॅट म्हणतात. साधा एकच आरसा वापरला तर बिंब जागेवर राहते, पण स्वतःभोवती हळूहळू फिरते. सीलोस्टॅटमध्ये ते फिरत नाही. दुसरा आरसा किरण खाली टाकतो, तळाचा तिसरा आरसा त्यांना आडवे वळवून ६० मीटर लांबीच्या भुयारी बोगद्यात पाठवतो. तिथे ३८ सेंमीचे वस्तुभिंग आणि पुढे १८ मीटरचा वर्णपटलेखक. जमिनीखाली तापमान दिवसभर जवळजवळ सारखे राहते.

आरशांचे गणित कठोर असते. ताज्या ॲल्युमिनियमचा आरसा साधारण ९० टक्के प्रकाश परत पाठवतो. तीन आरशांनंतर ७३ टक्के उरतो. धूळ आणि दमटपणामुळे प्रत्येकाची क्षमता ८० वर आली तर शेवटी उरतो ५१ टक्के. म्हणून आरसे उतरवून, जुना थर काढून, निर्वातात नवा थर चढवणे हे ठरावीक काळाने करावेच लागते. शिवाय उन्हात आरसा तापून किंचित वाकला की बिंब धूसर होते, म्हणून साध्या काचेऐवजी उष्णतेने फारसे न फुगणारे क्वार्ट्झ वापरतात.

१९६० मध्ये वेधशाळेचे संचालक झालेले खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पू यांना के रेषेचे वेड आधीपासूनच होते. ताऱ्याच्या के रेषेच्या मध्यातल्या उजळ भागाची रुंदी मोजली की ताऱ्याची खरी तेजस्विता कळते, हे त्यांनी ओलिन विल्सन यांच्यासह १९५७ मध्ये मांडले होते. रात्रीच्या कामासाठी त्यांनी तमिळनाडूतच जवादी टेकड्यांमध्ये कावलूर निवडले. १९७७ मध्ये युरेनसची कडी उघड झाली त्या निरीक्षणात कावलूरची १ मीटरची दुर्बीण सहभागी होती. भारतात बांधलेली २.३४ मीटरची दुर्बीण बाप्पूंच्या मृत्यूनंतर, १९८६ मध्ये, त्यांच्याच नावाने सुरू झाली. कोडाईकनाल आणि कावलूर दोन्ही आज बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या आहेत; ही संस्था १९७१ मध्ये हवामान खात्यापासून वेगळी झाली.

काचा टिकवणे

जुन्या नोंदी म्हणजे काचेवर चढवलेला जिलेटिनचा थर आणि त्यात चांदीचे कण. जिलेटिनला बुरशी आवडते आणि कोडाईकनालचे धुके बुरशीला. काचा ४,०९६ गुणिले ४,०९६ ठिपक्यांच्या कॅमेऱ्याने अंकीय स्वरूपात उतरवून घेण्यात आल्या, आणि त्यांतून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनची सौरचक्रे सलग मोजता येतात. चक्राच्या सुरुवातीला डाग विषुववृत्तापासून ३० अंशांच्या आसपास उगवतात आणि वर्षे जातील तसे विषुववृत्ताकडे सरकतात. सूर्य विषुववृत्तावर सुमारे २५ दिवसांत फिरतो आणि ध्रुवांकडे त्याहून सावकाश. या दोन्ही गोष्टी या काचांवरून मोजलेल्या आहेत.

उतरवून घेतल्यावर खरे किचकट काम सुरू होते. काच उलटी ठेवली गेली तर पूर्व-पश्चिम बदलते. उत्तर ध्रुवाची खूण किंवा वेळ चुकीची लिहिली असेल तर डाग उड्या मारत चालल्यासारखे वाटतात. कडेपेक्षा मध्य उजळ असणे हा सूर्याचा गुण, एक बाजू उजळ असणे हा उपकरणाचा दोष. दोन्ही वेगळे करून काढावे लागतात. छायाचित्रणाच्या काचा बाजारातून गेल्या तेव्हा २००८ मध्ये इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्याची जोड-दुर्बीण आली. ती चित्रे जास्त रेखीव आहेत, पण म्हणूनच जुन्यांशी थेट जुळत नाहीत. जुने आणि नवे एका मोजपट्टीवर आणणे हा स्वतंत्र संशोधनाचा विषय होऊन बसला आहे.

लोकांना सूर्य दाखवताना

१८७४ च्या ९ डिसेंबरला शुक्र सूर्यबिंबावरून जाणार होता. त्याआधी रघुनाथाचारींनी हे अधिक्रमण समजावणारी पुस्तिका इंग्रजीसह काही भारतीय भाषांत काढली. वेधशाळेतला माणूस लोकांच्या भाषेत बोलतो, याचे हे आपल्याकडचे आरंभीचे उदाहरण.

कोडाईकनालच्या संग्रहालयात आज मुख्य आकर्षण असते ते आरशांनी आत आणलेले सूर्याचे जिवंत बिंब आणि शेजारी पसरलेला त्याचा वर्णपट. बिंबावर डाग दिसेलच असे नाही. चक्राच्या तळाशी कित्येक दिवस सूर्य कोरा असतो. वर्णपटातल्या काळ्या रेषा मात्र सूर्य दिसला की दिसतातच, म्हणून तिथे जास्त वेळ थांबावे. हंगामात संध्याकाळी दुर्बिणीतून आकाशही दाखवतात. कावलूरला पाहुण्यांचा दिवस शनिवार. वेळा बदलतात, त्या निघण्यापूर्वी संस्थेकडून तपासून घ्याव्यात.

शाळेत किंवा मंडळात हेच करायचे असेल तर सूर्य पडद्यावर पाडणे हा सर्वांत बरा मार्ग. ६० मिमीच्या आसपास भिंग आणि ९०० मिमी नाभीय अंतर असलेली दुर्बीण घ्या. तिच्या नाभीवर सूर्यबिंब ८.४ मिमीचे पडते. २० मिमीची नेत्रिका (डोळ्याकडचे भिंग) लावून तिच्यामागे ४० सेंमीवर पांढरा पुठ्ठा धरला की बिंब जवळपास १६ सेंमीचे होते. पुठ्ठ्याभोवती सावली पाडणारा दुसरा पुठ्ठा दुर्बिणीच्या नळीवर अडकवा, नाहीतर चित्र फिके दिसते. रोखण्यासाठी दुर्बिणीतून बघायचे नाही. नळीची जमिनीवरची सावली सर्वांत लहान झाली की ती सूर्याकडे रोखलेली असते. नळी स्थिर ठेवली की बिंब पुठ्ठ्यावरून सरकते. सरकताना जी कड पुढे असते ती पश्चिम. स्वतःच्या व्यासाएवढे सरकायला बिंबाला दोन मिनिटांहून थोडे जास्त लागते.

बिघडते ते इथे. नेम धरण्यासाठी नळीवर बसवलेल्या छोट्या शोधक दुर्बिणीचे झाकण काढलेले राहते आणि एखादे मूल तिला डोळा लावते. ही चूक डोळा घालवू शकते, म्हणून शोधक दुर्बीण सरळ उतरवूनच ठेवावी. प्लास्टिकची नेत्रिका वितळते. भिंगे चिकटवून बनवलेल्या महाग नेत्रिकांमधला डिंक उष्णतेने खराब होतो, तेव्हा या कामाला साधी, न चिकटवलेल्या भिंगांची जुनी नेत्रिका चांगली. आरशाची दुर्बीण वापरू नये, आतला छोटा आरसा तापतो. थेट पाहायचे असेल तर सूर्यासाठीच बनवलेला गाळक दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर घट्ट बसवावा. नेत्रिकेत बसणारे छोटे काळे काचेचे गाळक मिळत, ते तापून तडकतात; हाती आले तर फेकून द्यावेत.

रोजची नोंद करायची तर कागदावर १५ सेंमीचे वर्तुळ आधीच काढून ठेवावे आणि बिंब त्यात बसवावे. डागांचे समूह मोजा, त्यांना १० ने गुणा, त्यात सगळ्या डागांची एकूण संख्या मिळवा. ३ समूह आणि एकूण १४ डाग असतील तर ४४. वेधशाळा याला निरीक्षक आणि दुर्बीण यांच्यानुसार एका गुणकाने गुणतात, म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणच्या नोंदी जुळतात. दुर्बीण बदलली की हा गुणक बदलतो, म्हणून दुर्बीण बदलू नये.

रात्रीच्या कार्यक्रमात अडचण गर्दीची. एका माणसाला शिडी चढून, डोळा जुळवून, पाहून उतरायला ४० सेकंद धरले तर तासाला ९० जण होतात. रांगेत २०० जण असतील तर दुसरी दुर्बीण लावा किंवा लोकांना आधीच सांगा. पृथ्वी फिरते म्हणून मोटर नसलेल्या दुर्बिणीत अर्ध्या अंशाच्या क्षेत्रातून तारा दोन मिनिटांत बाहेर जातो, तेव्हा दर दोन-तीन माणसांनंतर कोणीतरी नेम पुन्हा साधायला हवा. चष्मा फक्त लांबचे किंवा जवळचे दिसण्यासाठी असेल तर काढून बघता येते, दुर्बिणीचा केंद्रबिंदू फिरवला की भागते. सिलिंडरचा नंबर मोठा असेल तर चष्मा ठेवावा. चंद्र दाखवायचा तर शुद्ध पंचमी ते नवमी. पौर्णिमेला विवरांच्या सावल्या पडत नाहीत आणि चंद्र सपाट, डोळे दिपवणारा दिसतो. शनीची कडी ५० पट मोठे केले तरी ओळखू येतात आणि रांगेतला प्रत्येक जण खूश होतो. देवयानी दीर्घिका दाखवायचा मोह आवरावा: छायाचित्रातले रंग डोळ्याला दिसत नाहीत, करडा धब्बा दिसतो, आणि ज्याचे डोळे अंधाराला २० ते ३० मिनिटे सरावलेले नाहीत त्याला तोही दिसत नाही. मोबाइलचा उजेड पडला की ती वीस मिनिटे पुन्हा पहिल्यापासून मोजावी लागतात.

ढग आले तर भारतीय खगोलभौतिकी संस्थेने उतरवून घेतलेल्या कोडाईकनालच्या जुन्या प्रतिमा संकेतस्थळावर खुल्या आहेत. सलग सात-आठ दिवसांच्या पांढऱ्या उजेडातल्या प्रतिमा छापून घ्या, एकच डाग रोज किती सरकला ते कोनमापकाने मोजा आणि सूर्याची एक फेरी किती दिवसांची ते मुलांना काढू द्या. पृथ्वीही त्याच दिशेने पुढे जात असल्यामुळे उत्तर २५ च्या ऐवजी २७ दिवसांच्या आसपास येईल.